ऑफिसच्या इमारतीची परवानगी आणि गावातली नोकरी: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त पत्रं ऑफिसच्या इमारतींबद्दल आहेत. बहुतेकांच्या मनात एक गोंधळ दिसतो. बांधकामाची परवानगी देणारं कार्यालय नोकऱ्यांचीही हमी घेतं, असं गृहीत धरलेलं असतं. ते तसं नाही, म्हणून त्याच प्रश्नांपासून सुरुवात करतो.

आमच्या गावाच्या हद्दीत मोठा व्यापारी संकुलाचा प्रकल्प येतोय. माहितीपत्रकात ‘५,००० रोजगार’ लिहिलंय. हा आकडा खरा की खोटा, हे गावाने कसं ओळखायचं? – एक सरपंच, मुळशी तालुका

आकडा विकासकाच्याच कागदांवरून तपासता येतो, आणि त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल, तर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार काम सुरू होण्याआधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. त्या अर्जाचे कागद ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर असतात. त्यात दोन गोष्टी शोधा: ऑफिसचं क्षेत्र आणि रोजच्या पाण्याची गरज.

राष्ट्रीय इमारत संहितेत ऑफिससाठी माणशी रोज ४५ लिटर पाणी धरतात. जिने आणि बाहेर पडायच्या वाटा किती हव्यात हे ठरवताना दर १० चौ. मी.ला एक माणूस धरतात. समजा पार्किंग सोडून ऑफिसचं क्षेत्र ३०,००० चौ. मी. आहे. म्हणजे ३,००० माणसं. त्यांना लागणारं पाणी १,३५,००० लिटर, म्हणजे रोज १३५ घनमीटर. अर्जात पाणी १३५ घनमीटरच्या आसपास आणि माहितीपत्रकात माणसं ५,००० असतील, तर दोनांपैकी एक कागद चुकीचा आहे. विकासक म्हणेल की कॉल सेंटरमध्ये खुर्च्या दाटीने असतात आणि एकेका खुर्चीवर दोन पाळ्या चालतात. हे खरं असू शकतं. पण मग पाणी, सांडपाणी प्रक्रिया आणि पार्किंगही त्याच हिशोबाने वाढलेलं दिसायला हवं. पाणी कमी दाखवायचं आणि माणसं जास्त, असं दोन्हीकडून चालत नाही.

हा आकडा जमला तरी तो इमारतीत मावणाऱ्या माणसांचा असतो, नव्या नोकऱ्यांचा नव्हे. बाणेर किंवा खराडीतून एखादी कंपनी उठून तुमच्याकडे आली, तर तिचे कर्मचारीही तिच्याबरोबर येतात. गावाच्या वाट्याला बहुधा इमारत चालवण्याची कामं येतात: सुरक्षा, सफाई, कँटीन, वाहनं, बाग, लिफ्ट आणि वीज दुरुस्ती. त्यांचा हिशोब सोपा आहे. चोवीस तास सुरू असलेल्या एका फाटकाला तीन पाळ्या, साप्ताहिक सुटी आणि रजा धरून चार माणसं लागतात. किती फाटकं, किती मजले, किती स्वच्छतागृहं हे नकाशावर दिसतं. बैठकीत ‘५,००० रोजगार कुठे आहेत?’ असं विचारण्यापेक्षा ‘फाटकं किती आणि सुरक्षेचं कंत्राट कधी निघणार?’ असं विचारा. त्याचं उत्तर मिळतं.

आणखी एक. अशा इमारतींच्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी लागत नाही. अधिसूचनेनेच त्यांना वगळलं आहे. त्यामुळे ‘सुनावणीत बोलू’ म्हणून थांबू नका. मंजुरी मिळाल्यावर विकासकाला सात दिवसांच्या आत दोन स्थानिक वृत्तपत्रांत जाहिरात द्यावी लागते, त्यांतलं एक तरी स्थानिक भाषेतलं. मंजुरीच्या पत्राची प्रत ग्रामपंचायतीलाही द्यायची असते. हरकत असेल तर राष्ट्रीय हरित लवादाकडे ३० दिवसांत अपील. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे.

‘८० टक्के स्थानिक’ अशी अट असताना आयटी पार्कमध्ये आमच्या मुलांना घेत नाहीत. इमारतीची परवानगी रद्द करता येईल का? – एक पालक, मावळ

त्या कारणासाठी नाही. बांधकाम परवानगी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ खाली मिळते. त्यात जमिनीचा वापर, उंची, सामासिक अंतरं (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा), पार्किंग, आग असे विषय येतात. नोकरीत कोणाला घ्यायचं हा त्यातला विषय नाही.

तुम्ही म्हणता ती अट उद्योग विभागाच्या २००८ च्या शासन निर्णयातून येते: पर्यवेक्षकीय पदांत किमान ५० टक्के आणि इतर पदांत किमान ८० टक्के स्थानिक. ती सरकारी प्रोत्साहनांशी जोडलेली आहे. ज्या कंपनीने अनुदान किंवा कर-सवलत घेतलीच नाही, तिच्यावर या अटीचा जोर फारसा चालत नाही. शिवाय ‘स्थानिक’ म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य असलेला, अधिवास प्रमाणपत्रधारक. नांदेडचा मुलगाही स्थानिक आणि तुमच्या गावचाही. यादीत ८० टक्के भरले असतील आणि त्यात गावातला एकही नसेल, तरी अट पाळली गेली असं होतं.

खाजगी नोकऱ्यांत कायद्यानेच आरक्षण ठेवण्याचा प्रयत्न हरियाणाने २०२० च्या कायद्याने केला: महिना ३०,००० रुपयांपर्यंतच्या नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिक. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. कर्नाटकाने जुलै २०२४ मध्ये असंच विधेयक आणलं आणि उद्योगांचा विरोध होताच काही दिवसांत बाजूला ठेवलं. तेव्हा कोणी ‘कायदा आणू’ म्हणालं, तर हा इतिहास माहीत असू द्या.

करण्यासारखं काय? जिल्हा उद्योग केंद्राकडे माहिती अधिकारात अर्ज करा. तीन गोष्टी नेमक्या मागा: या इमारतीला आयटी पार्क म्हणून दिलेलं इरादापत्र आणि नोंदणी, त्यातल्या अटी, आणि इथल्या कोणत्या घटकांनी प्रोत्साहनं घेतली त्याची यादी, सोबत त्यांनी दिलेली स्थानिक रोजगाराची माहिती. ‘सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज केला की तो परत येतो किंवा फिरत राहतो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

आणि तयारी आधीपासून हवी. सुरक्षारक्षकासाठी खाजगी सुरक्षा एजन्सी कायदा २००५ खालचं प्रशिक्षण १६० तासांचं आहे: १०० तास वर्गात, ६० तास प्रत्यक्ष, किमान २० कामकाजाच्या दिवसांत. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना ते कमी आहे. इमारत सुरू झाल्यावर मुलं प्रशिक्षणाला पाठवली, तर तोपर्यंत कंत्राट दुसऱ्या एजन्सीच्या माणसांनी भरलेलं असतं. गावातल्या मंडळींनी स्वतःची एजन्सी काढायची असेल, तर परवाना आधी. विनापरवाना एजन्सी चालवली तर तुरुंगवासाची तरतूद आहे. फाटकावर गाड्या अडवून मिळवलेली कंत्राटं पहिल्या नूतनीकरणाला जातात, आणि पुढचा भाडेकरू ती इमारत टाळतो. हे पुणे जिल्ह्यात पुरेसं दिसून चुकलं आहे.

माझी दीड एकर वडिलोपार्जित जमीन पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत आहे. ऑफिसची इमारत बांधून भाड्याने द्यायचा विचार आहे. कोणता कागद आधी, कोणता नंतर? – एक शेतकरी, हवेली

आधी मोजणी. सातबाऱ्यावरचं क्षेत्र, ताब्यातलं क्षेत्र आणि मोजणीत येणारं क्षेत्र यांत फरक निघतोच, आणि नकाशा मंजुरीच्या वेळी सगळ्यांत कमी असलेलं क्षेत्र धरतात. आर्किटेक्टला नकाशे काढायला सांगून नंतर मोजणी केली, तर नकाशे पुन्हा काढावे लागतात. वाटणी झाली नसेल आणि सहहिस्सेदार असतील, तर त्यांची संमती याच टप्प्यावर.

मग झोन दाखला आणि भाग नकाशा. जमीन कोणत्या विभागात आहे, पुढे आखलेला रस्ता तिच्यातून जातो का, तो किती रुंद आहे. एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत किती बांधता येईल हे मुख्यतः समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. मूळ एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण), त्यावर पैसे भरून प्रीमियम एफएसआय, त्यावर टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क), आणि या सगळ्यावर अॅन्सिलरी (पूरक) एफएसआय, जो घरांसाठी ६० आणि बिगरनिवासी वापरासाठी ८० टक्क्यांपर्यंत मिळतो. तो फुकट नसतो, त्याचंही अधिमूल्य आहे. अंतिम विकास आराखड्यात तो वापर अनुज्ञेय असेल, तर महसूल संहितेच्या कलम ४२-ब मुळे बिगरशेतीची वेगळी परवानगी लागत नाही. रूपांतरण कर भरायचा, आणि जमीन भोगवटादार वर्ग २ (सरकारी निर्बंध असलेली) असेल तर नजराणा, म्हणजे सरकारला द्यायची रक्कमही.

यानंतर आर्किटेक्टमार्फत ऑनलाइन प्रस्ताव. सोबत अग्निशमनाची तात्पुरती ना-हरकत, उंचीची ना-हरकत (पुण्यात लोहगाव हवाई दलाचं असल्याने त्यांच्याकडून), पाण्याची सोय, सांडपाण्याची सोय. बांधकाम परवाना मिळाल्यावर जोत्यापर्यंत काम, जोते तपासणी, मग वरचे मजले, लिफ्टचा परवाना, अग्निशमनाची अंतिम ना-हरकत आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायची परवानगी.

कायद्यात ६० दिवसांत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाली असं मानण्याची तरतूद आहे, आणि एजंट तिच्यावर फार भर देतात. तिचा भरवसा धरू नका. ६० दिवस अर्जाच्या तारखेपासून किंवा तुम्ही शेवटच्या शंकेला दिलेल्या उत्तराच्या तारखेपासून, जे नंतरचं असेल तिथून मोजतात. पन्नासाव्या दिवशी एक त्रुटीपत्र आलं की घड्याळ पुन्हा शून्यावर. शिवाय प्रस्ताव नियमात बसत असेल तरच ही मानीव परवानगी टिकते, आणि बँका सहसा तिच्यावर कर्ज देत नाहीत. परवानगी एक वर्ष टिकते, मग दरवर्षी मुदतवाढ, आणि ती वाढ तीन वर्षांच्या पुढे नाही.

दीड एकरवाल्यांची सगळ्यांत महागडी चूक २०,००० च्या रेषेवर होते. दीड एकर म्हणजे सुमारे ६,०७० चौ. मी. समजा एफएसआयमध्ये १४,००० चौ. मी. बसलं. मालक खूश: ‘२०,००० च्या आत आहोत, पर्यावरण मंजुरी नको.’ पण पर्यावरण अधिसूचनेतलं बांधकाम क्षेत्र आणि एफएसआय या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. तिथे सगळे मजले, तळघरं आणि सेवांची जागाही मोजतात. पार्किंगसाठी प्रत्येकी ३,५०० चौ. मी.ची दोन तळघरं घेतली की एकूण २१,००० झालं, आणि मंजुरी लागली. ती हातात येण्याआधी खोदकाम सुरू केलं, तर ते उल्लंघन होतं, काम बंद पडतं आणि दंडही बसतो. पहिल्याच बैठकीत आर्किटेक्टकडून दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून घ्या. एखादं तळघर कमी करून यांत्रिक पार्किंग घेतल्याने रेषेच्या आत राहता येत असेल, तर तो पर्यायही तेव्हाच ठरतो, नंतर नाही.

आमची पन्नास जणांची कंपनी. नव्या इमारतीत जागा पाहिली, भाडं बरं आहे, पण ‘ओसी महिन्याभरात येईल’ म्हणतात. घ्यावी का? – एक उद्योजिका, पिंपरी-चिंचवड

भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) नसताना जागा वापरायला घेऊ नका. करार करायला हरकत नाही, पण त्यात भाडं सुरू होण्याची तारीख प्रमाणपत्राच्या तारखेशी बांधा, अंतर्गत सजावटीसाठी त्यानंतरचे ठरलेले दिवस बिनभाड्याचे लिहून घ्या, आणि अमुक तारखेपर्यंत ते आलं नाही तर अनामत परत असं कलम टाका. ‘महिन्याभरात’ हा शब्द करारात लिहायला मालक तयार नसेल, तर उत्तर मिळालंच.

अंशतः भोगवटा दाखवला तर तो कागद शब्दशः वाचा. कोणती विंग, कोणते मजले, कोणता वापर. पहिल्या चार मजल्यांना मिळालेला असतो आणि तुम्हाला सहावा दाखवत असतात, असं होतं. वापर ‘दुकान’ असेल आणि तुम्ही ऑफिस थाटलं, तर तोही वापरातला बदल ठरू शकतो. अग्निशमनाचं अंतिम प्रमाणपत्र पाहा, आणि इमारत जुनी असेल तर ‘नमुना ब’ मागा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार मालक किंवा भोगवटादाराला परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. ते नसताना आग लागली, तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते.

भरतीचं वेळापत्रकही यालाच बांधलेलं असतं. ऑफर लेटरं आधी दिली आणि प्रमाणपत्र लांबलं, की पन्नास जण घरी बसून पगार घेतात किंवा निघून जातात.

स्पर्धा परीक्षेसाठी वाचताना लंडनमध्ये ऑफिस बांधायला सरकारी परमिट लागत असे, असं आलं. त्याने नोकऱ्या खरोखर इतरत्र गेल्या का? मुंबईत असा प्रयोग झाला का? – एक विद्यार्थी, सोलापूर

ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचं सरकार येताच मंत्री जॉर्ज ब्राऊन यांनी ४ नोव्हेंबर १९६४ रोजी लंडन परिसरात नव्या ऑफिस इमारतींवर बंदी जाहीर केली, आणि १९६५ च्या कायद्याने तिला परमिटचं रूप दिलं. सुरुवातीला ३,००० चौरस फुटांहून मोठ्या ऑफिसला, नगरपालिकेकडे जाण्याआधीच, बोर्ड ऑफ ट्रेड या व्यापार खात्याकडून परमिट घ्यावं लागे. हे काम लंडनमध्येच का हवं, हे अर्जदाराने पटवून द्यायचं. पद्धत पुढे बर्मिंगहॅमसह इतर भागांत पसरली, मर्यादा शिथिल होत गेल्या, आणि १९७९ मध्ये थॅचर सरकारने ती गुंडाळली.

परिणाम उलटसुलट झाला. पुरवठा रोखला, मागणी तशीच राहिली, म्हणून भाडी चढली. ज्यांच्याकडे बंदीआधीची परवानगी होती त्यांच्या हाती आयतं घबाड आलं. १९६६ च्या सुमारास पूर्ण झालेली सेंटर पॉइंट ही उंच इमारत कित्येक वर्षं रिकामी राहिली, कारण भाडेकरू नसतानाही तिची किंमत वाढतच होती. ऑफिसं बाहेर गेली, पण बरीचशी क्रॉयडन, रेडिंग अशा जवळच्या ठिकाणी. लंडनपासून दूरच्या बेरोजगार भागांत लक्षात येईल एवढ्या नोकऱ्या गेल्या त्या सरकारने स्वतःची खाती हलवली तिथे. वेल्समधल्या स्वान्सीचं वाहन नोंदणी केंद्र हे त्याचं उदाहरण.

मुंबईत १९७० मध्ये सिडको आली ती दक्षिण मुंबईची गर्दी नव्या शहराकडे वळवण्यासाठी. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण १९७५ चं, आणि वांद्रे-कुर्ला संकुलासाठी त्याला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं १९७७ मध्ये. त्याच सुमारास बेट-शहरातल्या नव्या ऑफिसांवर बंधनं आली. घाऊक बाजार कायद्याच्या जोरावर वाशीला हलले. ऑफिसं मात्र हलायला तयार नव्हती. नवी मुंबईत ती मोठ्या प्रमाणात आली आयटीच्या लाटेत, ऐरोली-महापे पट्ट्यात.

तुमच्या उत्तरपत्रिकेला सगळ्यांत उपयोगी उदाहरण गिरणगावचं आहे, कारण तिथे विकास परवानगीच्या नियमात नोकरीची अट खरोखर लिहिलेली होती. गिरण्यांच्या जमिनींसाठीच्या विकास नियंत्रण नियम ५८ मध्ये (१९९१, सुधारणा २००१) गिरणी हलवली किंवा मालकाने त्या जागी दुसरा उद्योग काढला, तर १ जानेवारी २००० रोजी कामावर असलेल्या कामगाराला किंवा त्याच्या घरातल्या एकाला प्राधान्याने नोकरी द्यायची, असं होतं. पुढे दोन शब्द होते: आवश्यक पात्रता. लोअर परळच्या काचेच्या इमारतींत बँका आणि जाहिरात कंपन्या भाड्याने आल्या. त्या गिरणीमालकाचा ‘उद्योग’ नव्हत्या, आणि साचे चालवणाऱ्याची पात्रता त्यांना नको होती. १९८२ च्या संपात ज्यांची नोकरी गेली, ते तर या तारखेतच बसत नव्हते. अट कोणावर आहे, जमिनीच्या मालकावर की जागा वापरणाऱ्यावर, हे न पाहता लिहिलेली अट अशी कागदावर राहते.

हिंजवडीत इमारतीचा नकाशा ग्रामपंचायत मंजूर करते का? – एक वाचक, माण

नाही. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या औद्योगिक क्षेत्रात नियोजन प्राधिकरण एमआयडीसी आहे, बाहेर पीएमआरडीए. ग्रामपंचायतीच्या ठरावाला राजकीय वजन असेल, पण त्याच्या आधारावर बांधलं तर ते अनधिकृतच. भूखंड कोणाच्या हद्दीत आहे हे विचारूनच अर्ज करा; एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन प्राधिकरणं असतात.

ऑफिसच्या इमारतीच्या कामावर गवंडी आहे. बांधकाम कामगार म्हणून नोंद होत नाही, ठेकेदार दाखला देत नाही. – एक कामगार, वाघोली

नकाशा मंजूर होतानाच मालकाकडून बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर घेतला जातो, जमिनीची किंमत वगळून. तो पैसा तुमच्यासाठीच्या कल्याणकारी मंडळाकडे जातो. म्हणजे त्या इमारतीने तुमच्या नावाचे पैसे आधीच भरलेले असतात. नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. हे ९० दिवस सलग नकोत, आणि एकाच ठेकेदाराकडचे तर मुळीच नकोत. दोन-तीन साइटचे दिवस जोडता येतात. मुख्य ठेकेदार टाळत असेल तर साइटच्या फलकाचा फोटो काढा. त्यावर परवाना क्रमांक, मालक आणि ठेकेदार यांची नावं असतात. हजेरी, पगाराच्या नोंदी किंवा बँकेत आलेल्या रकमा यांच्या प्रती घेऊन कामगार कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नोंदणी झाल्यावर दरवर्षी नूतनीकरण करायचं विसरू नका. मुलांची शिष्यवृत्ती बहुतेक वेळा तिथेच अडते.